झाड क्रमांक एकशे त्रेचाळीस

रस्ता रुंद होणार होता, अक्कलकोट नाक्यापासून पुढे.
पाडायच्या झाडांचे फोटो हवे होते महापालिकेला,
प्रत्येकी दोन प्रती,
खोडावरचा चुन्याचा नंबर वाचता येईल असे.
अप्पांनी काम घेतलं.
तोवर त्यांनी फक्त माणसं काढली होती:
पासपोर्ट, लग्नं,
आणि साखर पेठेतली
भिंतीला टेकवून बसवलेली काही प्रेतं.

कपाटात काळ्या-पांढऱ्या रोलचा खोका उरला होता,
मुदत संपत आलेला.
रंगीत रोल धुवायला पुण्याला जायचा,
त्यात आठवडा मोडायचा.
म्हणून झाडं काळी-पांढरी.
यात कला वगैरे काही नव्हती.

मे महिना, मला सुट्टी.
सायकलच्या दांडीला स्टँड बांधलेलं, मागे मी.
साडेसहाला निघायचं, नऊच्या आत परतायचं,
नऊनंतर सोलापूरचं ऊन
पानापानाचं पीठ करून टाकतं.

झाडालाही ते गिऱ्हाईकच समजत.
डावीकडून बघायचे, उजवीकडून,
मग काळ्या फडक्यात डोकं घालून
कडुलिंबाला म्हणायचे, 'कदलकु',
आणि त्याला तेलुगू येत नसेल, म्हणून,
'हलू नको बे.'
कडुलिंब हलायचा.
वारा दमेपर्यंत अप्पांचं बोट बटणावर.
पिंपळाशी त्यांचं कधीच जमलं नाही.

रात्री न्हाणीघराची डार्करूम.
लाल बल्बखाली, तसराळ्यात कागद सोडला की
आधी नंबर यायचा, मग खोड,
पानं सगळ्यांत शेवटी, बोलावून आल्यासारखी.
बाहेरच्या खोलीत आई विड्या वळायची.
तेंदूच्या पानावर पत्र्याचा फरमा, कडेनं कात्री,
कच्च, कच्च.
आत अप्पा फोटोच्या कडा कापायचे.
एका घरात दोन कात्र्या झाडांवर चालत होत्या,
हे आत्ता सुचतंय.
तेव्हा फक्त झोप यायची.

दोनशे बारा झाडं, चारशे चोवीस प्रती.
बागेवाडी नावाचे कारकून होते.
त्यांनी गठ्ठ्याचा दोरा सोडला,
पाच-सहा फोटो पत्त्यांसारखे टेबलावर मांडले.
'येमूल, यातलं जिवंत कुठलं, वाळलेलं कुठलं?
हिरवं दिसाय पाहिजे की.
वाळलेल्याला दर वेगळा आहे.'

अप्पा वाकले. एका वडावर बोट ठेवलं.
'हे वाळलेलं. बघा ना,
ह्याच्या काळ्यात आणखी काळं नाही.'
बागेवाडींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.
'मला दिसंना,' म्हणाले,
खरंच वाईट वाटून.
बिल निघालं नाही.
झाडं निघाली, पावसाळ्याच्या आत.

सत्त्याण्णव नंबरखालचा पंक्चरवाला मैनोद्दीन
एक प्रत मागून घेऊन गेला.
दाराशी थांबून त्यानं विचारलं,
मोठी करता येईल का. खऱ्याएवढी.
अप्पांनी मनातल्या मनात कागदाचा हिशेब केला
आणि नाही म्हणाले.

बाकीचा खोका माझ्याकडे आहे,
चादरींचा, वर मोराचा छाप.
मी फार उघडत नाही. कागद पिवळे पडलेत,
म्हणजे शेवटी थोडा रंग आलाच म्हणायचा.

एकशे त्रेचाळीस: चिंच. दोन माणसांच्या कवेएवढं खोड.
उजव्या कडेनं एक कोपर बाहेर आलंय.
दोन बांगड्या. डब्याची कडी.
पातळ कुठल्या रंगाचं, सांगता येत नाही.
विड्या कारखान्यात टाकून आई तशीच डबा घेऊन आली होती,
आणि फोटोत येऊ नये म्हणून
झाडामागे गेली होती.
अप्पांनी तिचा कधी फोटो काढला नाही.
गिऱ्हाईकाचा रोल घरच्या माणसावर घालवायचा नसतो.

मी भिंग धरून बघते.
नंबर स्वच्छ वाचता येतो.
पानं हलली आहेत.
कोपर नाही.